हलशी : एका लहान गावाचा भूगोल आणि इतिहास

(स्थानिक इतिहासाच्या अभ्यासवर्गासाठी एकत्र आलेले शिक्षक, तलाठी व ग्रामसेवक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



आजच्या व्याख्यानासाठी मी एखादी नामांकित राजधानी, गाजलेली लढाई किंवा विख्यात किल्ला निवडलेला नाही. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, नंदगडच्या पलीकडे, हलशी नावाचे एक लहान गाव आहे. त्या गावाविषयी मी बोलणार आहे. आपल्यापैकी पुष्कळजण चंदगड, आजरे, गडहिंग्लज या तालुक्यांतून आलेले आहेत. काही खानापूर आणि बेळगाव भागातून आलेले आहेत. आपणा सर्वांना हा मुलूख परका नाही. चंदगड तालुका तर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच मोडत होता. तेव्हा मी सांगणार आहे ते शेजारच्या शिवाराचे वर्तमान समजावे.

लहान गावाचा इतिहास लिहावयाचा म्हटले की आपण बहुधा एका ठराविक वाटेने जातो. येथे अमुक राजाने राज्य केले, अमुक सरदाराची छावणी पडली, पुढे इंग्रजी अंमल आला, अशी मोठ्या इतिहासाची संक्षिप्त आवृत्ती आपण तयार करतो आणि तिला गावाचे नाव देतो. हलशीचे उदाहरण मी मुद्दाम घेतले ते अशासाठी की, येथे राजे होते आणि ते थोरही होते. परंतु त्यांनी मागे ठेवलेले लेख वाचू लागले म्हणजे त्यांत लढायांपेक्षा शेते, ओढे, पावसाळा आणि अन्न यांचाच उल्लेख अधिक आढळतो. गावाचा इतिहास म्हणजे मुख्यतः त्या गावाच्या जमिनीचा इतिहास, हे हलशी आपल्याला शिकविते.

स्थान आणि भूरचना

बेळगाव जिल्ह्याचे पश्चिमेकडून पूर्वेकडे स्थूलमानाने तीन पट्टे पडतात. सह्याद्रीला लागून असलेला दाट अरण्याचा व अतिवृष्टीचा पट्टा, त्याच्या पूर्वेस भाताचा आणि मिश्र पिकांचा मधला पट्टा, आणि त्याही पलीकडे काळ्या जमिनीचे, ज्वारी-कापसाचे मैदान. कानडीत पहिल्यास मलनाड म्हणतात. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूस पाऊस हजारो मिलिमीटरांत मोजावा लागतो. तेथून पूर्वेकडे जावे तसतसा तो झपाट्याने उतरतो आणि सौंदत्तीच्या माळावर पोहोचेपर्यंत शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला दिसतो. थोड्याशा अंतरात निसर्गात एवढा पालट पडावा, हे या जिल्ह्याचे मोठे वैशिष्ट्य होय.

खानापूर तालुक्याची आणखी एक विशेष गोष्ट आहे. या एका तालुक्यात पाण्याच्या दोन दिशा आहेत. कणकुंबी येथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वळते, खानापूर गावाजवळून पुढे सौंदत्तीच्या बाजूस जाते आणि शेवटी कूडलसंगम येथे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराची वाट धरते. याच तालुक्याच्या अरण्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेकडे घाट उतरून गोव्यात शिरते, मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते. अशा पाणलोटाच्या प्रदेशात जो वसेल त्याचा एक हात समुद्राकडे आणि दुसरा देशाकडे पोहोचतो.

हलशी या दोहोंच्या सांध्यावर आहे. बेळगावपासून ते सुमारे ४० किलोमीटर अंतरावर, खानापूरच्या आग्नेयेस आहे. पश्चिमेला अरण्य, सभोवार भाताची खाचरे, मधूनमधून टेकड्या आणि पूर्वेकडे मोकळा होत जाणारा प्रदेश, असे त्याचे स्थान आहे. ज्याला घाटाखालच्या बंदरांशी संबंध ठेवावयाचा आहे आणि वरच्या मैदानावरही हुकमत चालवावयाची आहे, त्याला अशी जागा सोयीची वाटावी यात नवल नाही. अतिवृष्टीच्या अरण्यात मोठी वस्ती पोसणे कठीण. उघड्या मैदानात संरक्षण कठीण. मधल्या पट्ट्यात पाणी निश्चित, भात निश्चित, आणि आडोसाही मिळतो. हलशीचा राजकीय उत्कर्ष एकदा नव्हे, दोनदा झाला. त्याचे मूळ कारण या भूरचनेत शोधले पाहिजे.

नावाची कुळकथा

हलशी हे नाव कोठून आले? या परिसरात फणसाची झाडे आहेत, आणि फणसाला कानडीत हलसु म्हणतात. तेव्हा हलसुवरून हलशी, अशी व्युत्पत्ती कोणालाही सहज सुचेल. ती ऐकावयास गोडही वाटते. परंतु जुने लेख तिला दुजोरा देत नाहीत. पाचव्या-सहाव्या शतकांतील संस्कृत ताम्रपटांत या गावाचे नाव पलाशिका असे आहे. पुढील काळातील लेखांत ते पलसिगे असे आढळते; आणि आरंभीच्या ‘प’चा ‘ह’ होण्याची जी प्रक्रिया मध्ययुगात कानडी भाषेत सर्वत्र घडली, तिला अनुसरून पलसिगेचे हलसिगे व पुढे हलसी झाले. मराठी मुखात त्याचे हलशी झाले. म्हणजे मूळ शोधावयाचे तर ते फणसात नसून पळसात आहे.

या लहानशा उदाहरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, गावाच्या नावाचा अर्थ लावताना आजच्या उच्चारावर विसंबू नये. उपलब्ध असलेले सर्वांत जुने रूप हाती घ्यावे. दुसरी अशी की, या एका नावात संस्कृत, कानडी आणि मराठी अशा तीन भाषांचे थर एकावर एक बसलेले आहेत. त्यांतील एक थर खरवडून काढून दुसराच तेवढा खरा म्हणणे म्हणजे नावाचा इतिहास नष्ट करणे होय.

सात ताम्रपट

हलशीची कीर्ती विद्वानांच्या जगात पसरली ती तेथे सापडलेल्या ताम्रपटांमुळे. गावाबाहेर, नंदगडकडे जाणाऱ्या वाटेवर, चक्रतीर्थ नावाची एक लहान विहीर आहे. तिच्याजवळच्या मातीच्या उंचवट्यात हे ताम्रपट मिळाले. मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील जॉन फेथफुल फ्लीट या अधिकाऱ्याने त्यांचे वाचन करून १८७७ साली ते ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे जॉर्ज मोराइश यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द कदंब कुल’ या ग्रंथात कदंबांचा सविस्तर इतिहास मांडला, तेव्हा हलशीचे ताम्रपट हा त्याचा एक प्रमुख आधार होता.

या दानपत्रांची संख्या सात आहे. भाषा संस्कृत, लिपी ब्राह्मीपासून दक्षिणेत विकसित झालेली. एक काकुस्थवर्म्याचे, एक त्याचा नातू मृगेशवर्मा याचे, दोन मृगेशाचा पुत्र रविवर्मा याच्या कारकिर्दीची, एक रविवर्म्याचा धाकटा बंधू भानुवर्मा याचे, आणि दोन रविवर्म्याचा पुत्र हरिवर्मा याची. कदंबांची मुख्य राजधानी वैजयंती, म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातील बनवासी. पलाशिका ही त्यांच्या राज्याच्या उत्तर भागाची राजधानी. रविवर्म्याच्या एका पटात विष्णुवर्म्याचा वध करून आणि कांचीच्या चंडदंडाचा उच्छेद करून त्याने पलाशिकेत आपले आसन स्थिर केले, असे सांगितले आहे. युद्धाचा उल्लेख आहे तो असा ओळीदोनओळींचा.

उरलेला मजकूर जमिनीविषयी आहे, आणि या सर्व दानांचा संबंध जैन धर्मसंस्थांशी आहे. मृगेशवर्म्याने आपल्या पित्याच्या स्मरणार्थ पलाशिकेत एक जिनालय बांधविले आणि कारकिर्दीच्या आठव्या वर्षी, कार्तिकी पौर्णिमेस, मातृसरित् नावाच्या नदीपासून इंगिणी संगमापर्यंतची तेहतीस निवर्तने जमीन यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक या तीन जैन पंथांना दिली. भानुवर्म्याच्या पटात, रविवर्म्याच्या अकराव्या राज्यवर्षी, पलाशिकेतील कर्दमपटी येथील पंधरा निवर्तने जमीन पंडर नावाच्या भोजकाने दिल्याची नोंद आहे. उद्देश असा की, प्रत्येक पौर्णिमेस जिनाच्या अभिषेकाची सोय व्हावी. हरिवर्म्याच्या चौथ्या वर्षीच्या पटात सुद्दिकुंदूर विषयातील वसुंतवाटक हे गाव अष्टाह्निक उत्सवासाठी व संघाच्या भोजनासाठी दिले आहे. पाचव्या वर्षीच्या पटात सेंद्रक कुळातील भानुशक्ती याच्या विनंतीवरून मरदे हे गाव श्रमणसंघाच्या चैत्यालयास दिले आहे.

निवर्तन हे जमिनीचे जुने माप असून निरनिराळ्या प्रदेशांत त्याचे प्रमाण निरनिराळे होते. म्हणून तेहतीस निवर्तनांचे एकर करून सांगण्याच्या खटपटीत मी पडत नाही. लक्षात घ्यावयाचे ते हे की, राजा येथे मोजून जमीन देतो आहे, आणि तिच्या सीमा ओढ्याने व संगमाने सांगतो आहे. कर्दम म्हणजे चिखल. कर्दमपटी या नावात भाताच्या खाचराची खूण मला दिसते. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा शब्द आजही जून-जुलैत या बाजूस गेलेल्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही.

एका घराण्याची आणि एका शेताची कथा

या सात पटांपैकी तीन पटांतून एक सूत्र लांबवर जाते. ते राजघराण्याचे नव्हे, एका अधिकारी घराण्याचे आहे.

काकुस्थवर्म्याच्या पटात तो स्वतःस कदंबांचा युवराज म्हणवितो. श्रुतकीर्ती नावाच्या सेनापतीने त्याचे प्राण वाचविले होते. त्याबद्दल खेटग्राम येथील बदोवर नावाचे शेत त्याने श्रुतकीर्तीला दिले. पुढे रविवर्म्याच्या काळी कोरलेल्या पटात या दानाची मागील हकीकत दिलेली आहे. श्रुतकीर्तीच्या पश्चात मृगेशवर्म्याने त्याच घराण्यातील दामकीर्तीच्या मातेकडे धर्मार्थ हा लाभ चालू ठेवला; आणि पुढे दामकीर्तीचा ज्येष्ठ पुत्र जयकीर्ती याने, राजाच्या अनुज्ञेने, आपल्या मातापित्यांच्या पुण्यार्थ तो धर्मकार्यास लावला. राजे बदलले, काकुस्थाच्या जागी शांतिवर्मा, मग मृगेश, मग रवी आला. परंतु एका शेतापासून निघालेली ही नोंद एका हातातून दुसऱ्या हाती जात राहिली आणि प्रत्येक नव्या राजाने ती वाचून कायम केली.

याच पटात रविवर्म्याने जी आज्ञा दिली आहे तीकडे आपले लक्ष वेधतो. दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेपासून आठ दिवस जिनेंद्राचा उत्सव या उत्पन्नातून व्हावा. पावसाळ्याचे चार महिने यतींना भोजन मिळावे. कुमारदत्तप्रमुख विद्वानांनी त्याचा लाभ घ्यावा. आणि देशवासी व नगरवासी जनांनी पूजा अखंड चालू ठेवावी, असा तिचा आशय आहे.

पावसाळ्याच्या चार महिन्यांत यतींनी एके ठिकाणी राहावे, हा जैन धर्माचा सर्वत्र पाळला जाणारा नियम. परंतु तो हलशीच्या संदर्भात वाचला म्हणजे त्याला भूगोलाचा आधार मिळतो. ज्या मुलखात ज्येष्ठाच्या अखेरीस वाटा बंद होतात, ओढे पार करता येत नाहीत आणि मागील वर्षीचे धान्य संपत आलेले असते, तेथे चार महिने अन्नाची तरतूद करणे म्हणजे प्राण सांभाळणेच होते. कार्तिकी पौर्णिमा या मुलखात केव्हा येते? पाऊस सरतो आणि भात कापणीला येते, किंवा नुकते खळ्यावर आलेले असते, तेव्हा. उत्सवाचे दिवस आणि शेताचे दिवस यांची ही सांगड केवळ योगायोगाची नाही. भूगोल आणि इतिहास हे शाळेच्या वेळापत्रकात दोन तास असले तरी खेड्यात ते एकाच बांधावर उभे असतात.

गोव्याचे कदंब आणि वराह-नृसिंहाचे देवालय

सहाव्या शतकाच्या मध्यास बदामीच्या चालुक्यांचा उदय झाला आणि पलाशिकेचे राजधानीपण गेले. परंतु नाव पुसले गेले नाही. अकराव्या-बाराव्या शतकांत गोव्याच्या कदंबांचे राज्य उभे राहिले तेव्हा त्यांच्या मुलखाचे वर्णन कोकण नऊशे आणि पलसिगे बारा हजार या दोन नावांनी होऊ लागले. घाटाखाली समुद्रकाठी गोपकपट्टण, आणि घाटावर पलसिगे. भूरचनेचा विचार करताना समुद्र आणि देश या दोन हातांविषयी मी जे म्हटले, ते या दोन नावांत प्रत्यक्ष दिसते.

या घराण्यातील शिवचित्त पेर्माडी याच्या कारकिर्दीत हलशीचे प्रसिद्ध भूवराह-नृसिंह देवालय आकारास आले. तेथील शिलालेखात कलियुगाचे ४२७० वे वर्ष, म्हणजे इ. स. ११६९, दिलेले आहे. शककालाऐवजी कलियुगाचे वर्ष देण्याची पद्धत या घराण्याच्या लेखांत आढळते, ही एक ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट. देवालयाची रचनाही वेगळी आहे. आत समोरासमोर दोन गाभारे आहेत. एका गाभाऱ्यात बसलेल्या विष्णूची सुमारे चार फूट उंचीची मूर्ती आणि लोक स्वयंभू मानतात ती नृसिंहाची लहान मूर्ती आहे. दुसऱ्यात भूवराहाची सुमारे पाच फूट उंचीची भव्य मूर्ती आहे. वर पायऱ्यापायऱ्यांनी निमुळते होत गेलेले शिखर कदंब वास्तुशैलीची ओळख पटविते. गावात आणि परिसरात गोकर्णेश्वर, कपिलेश्वर, हाटकेश्वर, सुवर्णेश्वर अशी शिवालयेही आहेत. पेर्माडीची राणी कमलादेवी हिने कित्तूरजवळच्या देगाव येथे बांधविलेले कमलनारायणाचे देवालय याच परंपरेतील होय.

पहिल्या उत्कर्षात जिनालये आणि दुसऱ्या उत्कर्षात विष्णू व शिव यांची देवालये, असा हा क्रम दिसतो. भूवराह म्हणजे पृथ्वीला पाण्यातून वर उचलणारा देव. चार महिने पाण्यात उभ्या राहणाऱ्या शेतांच्या गावाने त्याची उपासना करावी, हे मला अत्यंत स्वाभाविक वाटते.

राजधानीचे खेडे

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. रट्टांच्या काळी वेणुग्राम, म्हणजे बेळगाव, पुढे आले होते. तेथील किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ सालचे आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा अंमल या भागावर बसला. १४७२-७३ मध्ये बहमनी वजीर महमूद गावान याने बेळगावचा किल्ला घेतला आणि त्यानंतर या प्रदेशाची सत्ता ज्या कोणाकडे गेली त्याने बेळगावच ठाणे मानले. तोफा आणि तटबंदी यांच्या युगात पलसिगेच्या टेकड्यांना पूर्वीचे महत्त्व राहिले नाही.

पेशवाईच्या अखेरच्या काळात या बाजूचा पुष्कळसा मुलूख कित्तूरच्या देसाईंच्या ताब्यात होता. १८२४ साली कित्तूरचे प्रकरण घडले. राणी चन्नम्माच्या पक्षाचा शूर शिलेदार संगोळी रायण्णा याने पुढे पुन्हा उठाव केला, तेव्हा त्याचा आधार याच अरण्याचा होता. तो पकडला गेला आणि १८३१ साली नंदगड येथे त्याला फाशी देण्यात आले. नंदगडला त्याची समाधी आहे आणि लोक आजही तेथे श्रद्धेने जातात. हलशीला जाणारा प्रवासी नंदगडवरूनच जातो. दीड हजार वर्षांचा इतिहास त्याच्या वाटेवर असा लागोपाठ येतो.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या वेळेपासून उभा राहिलेला सीमाप्रश्न आपणा सर्वांस ठाऊक आहे. महाराष्ट्र शासनाने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे. तो विषय न्यायालयाचा आहे आणि मी येथे त्यात शिरणार नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्यातून निर्माण होणारी एक अडचण मात्र सांगितली पाहिजे. एखादा शिलालेख सापडला की तो वाचण्यापूर्वीच, तो आपल्या बाजूचा की त्यांच्या बाजूचा, अशी विचारणा होते. हलशीचे ताम्रपट संस्कृत आहेत. दान देणाऱ्या राजाची राजधानी बनवासीस आहे. दान घेणारे जैन यती आहेत. आणि त्या शेतांत आज राबणारे हात बहुतांशी मराठी बोलणाऱ्यांचे आहेत. यांपैकी एकही गोष्ट दुसरीला खोटी ठरवीत नाही. त्या पटांतील कोणालाही आपला प्रश्न ठाऊक नव्हता, आणि आपल्या प्रश्नासाठी त्यांना साक्षीला उभे करणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

सर्व्हे नंबर आणि शेताचे नाव

आता मी आजच्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

मृगेशवर्म्याने दिलेली तेहतीस निवर्तने कोठे होती? मातृसरित् कोणता ओढा? इंगिणी संगम कोठला? खेटग्राम आणि कर्दमपटी यांच्या खुणा कोठे शोधावयाच्या? हे प्रश्न मुंबईच्या किंवा धारवाडच्या ग्रंथालयात बसून सुटणारे नाहीत. ते हलशीच्या शिवारातच सुटतील. ओढ्याला, तळ्याला, टेकाडाला आणि शेताला गावात जी नावे चालत आलेली आहेत, त्यांत जुन्या नावांचे अवशेष असू शकतात. पलाशिकेचे हलशी होऊनही ती ओळखू येते, तर एखाद्या ओढ्याचे जुने नावही असेच बदललेल्या रूपात टिकले असणे शक्य आहे.

परंतु ही नावे ज्या साधनात टिकतात ते साधन म्हणजे माणसाची जीभ. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात जमिनीची शास्त्रशुद्ध पाहणी झाली, प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला. महसुलाच्या दृष्टीने ती मोठीच सोय झाली. तिचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. मात्र तेव्हापासून दप्तरात शेताची ओळख मुख्यतः क्रमांकाने होऊ लागली. आता उताऱ्यांचे संगणकीकरण झाले आहे. महाराष्ट्रात सातबारा आणि कर्नाटकात ‘भूमी’ योजनेखालील उतारा यंत्रातून छापून मिळतो. त्यात क्रमांक, क्षेत्र आणि खातेदार असतात. शेताचे नाव राहते ते मुख्यतः घरातील आजोबांच्या बोलण्यात, गुराख्याच्या हाकेत, आणि भावाभावांच्या वाटणीच्या भांडणात. ज्या घरातील मुले नोकरीसाठी बेळगाव, पुणे किंवा गोव्याला गेली, त्या घरातील शेतांची नावे एका पिढीत पुसली जातात. दीड हजार वर्षे टिकलेली गोष्ट तीस वर्षांत नाहीशी होऊ शकते.

दुसरी गोष्ट चक्रतीर्थाजवळच्या उंचवट्याची. तो मातीचा एक साधा ढीग होता. त्यात कदंबांच्या पाच पिढ्यांचा इतिहास दडलेला होता. असे उंचवटे आपल्या प्रत्येकाच्या गावाबाहेर आहेत. पूर्वी ते सपाट करावयाचे तर कुदळ-फावड्याने महिना लागे, आणि खणताना काही लागले तर हाताला जाणवे. आता यंत्राने ते काम एका दुपारी होते आणि यंत्राच्या दात्यांना तांबे व दगड यांतील भेद कळत नाही. शेत सपाट करण्याची शेतकऱ्याची गरज खरी आहे. तिला आडवे जाऊन काही साधणार नाही. परंतु काम सुरू होण्यापूर्वी एक दिवस कोणी जाणत्याने जागा पाहून घेणे अशक्य नाही.

या संबंधी कायद्याची थोडी माहिती आपल्यासारख्यांनी गावकऱ्यांना दिली पाहिजे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास तिची लेखी वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ‘वर्दी दिली की वस्तू जाते आणि चौकशी मागे लागते’ अशी खेड्यांत समजूत आहे. वस्तुतः दंडाची तरतूद आहे ती लपविणाऱ्यास. निधी बेवारस ठरल्यास, दुसरा करार नसेल तर, सापडविणाऱ्यास तीन चतुर्थांश व जागेच्या मालकास एक चतुर्थांश हिस्सा मिळण्याची, आणि शासनाने तो स्वतःकडे घेतल्यास किमतीवर एक पंचमांश अधिक देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. ही गोष्ट ग्रामसभेत एकदा स्पष्टपणे सांगितली गेली तर कित्येक ताम्रपट भंगारात जाण्यापासून वाचतील.

आपल्या हातचे काम

मग आपण करावयाचे काय? मी तीन कामे सुचवितो. त्यांना निधी लागत नाही आणि कोणाच्या मंजुरीसाठी थांबावे लागत नाही.

पहिले काम, गावाच्या नकाशाची एक प्रत घ्यावी आणि प्रत्येक सर्व्हे नंबरावर त्या शेताचे चालू नाव लिहावे. ओढे, तळी, विहिरी, पाणंदी, माळ, टेकाडे यांचीही नावे लिहावीत. नाव ज्या उच्चारात ऐकू येईल त्याच उच्चारात लिहावे. ते शुद्ध करू नये. एखाद्या नावाची सांगितली जाणारी कथा वेगळ्या कागदावर घ्यावी, नकाशावर नव्हे. सातवी-आठवीच्या मुलांकडून हे काम उत्तम होते, कारण घरातील वृद्धांना प्रश्न विचारण्याचा त्यांना हक्क असतो.

दुसरे काम, गावातील प्रत्येक कोरीव दगडाची नोंद. तो देवळात पूजेत आहे की विहिरीच्या काठी धुण्याचा दगड झाला आहे, त्याची लांबी-रुंदी किती, अक्षरे आहेत काय, याची यादी करावी व छायाचित्र घ्यावे. दगड हलवू नये, अक्षरांत रंग भरू नये आणि जीर्णोद्धाराच्या उत्साहात त्यांवर सिमेंटचा लेप चढू देऊ नये.

तिसरे काम कठीण आहे. ते लिप्यांचे आहे. सीमाभागातील एका गावाचा इतिहास वाचावयाचा तर त्याचा शिलालेख बहुधा जुन्या कानडी लिपीत असतो, पेशवेकालीन कागद मोडीत असतात आणि ते पुणे किंवा कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात सापडण्याचा संभव असतो, आजचा उतारा कानडीत किंवा मराठीत असतो, आणि शेताचे नाव तोंडी मराठीत असते. एकाच माणसाला हे सर्व येणे दुर्मीळ. म्हणून मराठी शिक्षकाने शेजारच्या कानडी शिक्षकाशी मैत्री करावी. त्याला शिलालेख वाचता येत असेल, तर आपल्याला त्या शिलालेखातील ओढा दाखविता येईल. एकाचे ज्ञान दुसऱ्यावाचून अर्धे आहे, ही या मुलखाची वस्तुस्थिती होय. आणि अभ्यासाच्या क्षेत्रात तरी ती अडचण न मानता सोय मानावी.

जुन्या दानपत्रांच्या शेवटी काही ठराविक श्लोक येतात. पृथ्वीचा उपभोग अनेक राजांनी घेतला आणि ज्याच्या ज्याच्या हाती ती ज्या ज्या वेळी असते त्याला त्याला तिचे फळ मिळते, असे त्यांत सांगितलेले असते. स्वतः दान देणे सोपे, दुसऱ्याने दिलेले सांभाळणे कठीण, असाही आशय काही दानपत्रांत येतो. आपण शिक्षक आहोत, तलाठी आहोत, ग्रामसेवक आहोत. जमीन देण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु सांभाळण्याचे काम पूर्णपणे आपल्या हाती आहे. श्रुतकीर्तीला मिळालेल्या शेताचे नाव एका लेखनिकाने तांब्यावर नीट उतरविले म्हणून ते आज आपल्याला ठाऊक आहे. आपल्या गावातील शेतांची नावे कागदावर उतरविण्यास यंदाच्या दिवाळीच्या सुटीत आरंभ करावा, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.